बांबूची तलवार: जबलपूरहून काढलेला माग

२०२३च्या जानेवारी-फेब्रुवारीत 'खेलो इंडिया' युवा स्पर्धा मध्य प्रदेशात भरल्या आणि खेळ वेगवेगळ्या शहरांत वाटले गेले. जबलपूरच्या वाट्याला तलवारबाजी, तिरंदाजी आणि खो-खो आले. मल्लखांब उज्जैनला गेला. पंजाबचा गतका आणि मणिपूरचा थांग-ता हे दोन खेळ जबलपूरपासून शंभरेक किलोमीटरवरच्या मंडल्यात, म्हणजे गोंड राजांच्या जुन्या राजधानीत झाले. जबलपुरात अंगाला विजेची तार जोडलेली मुले युरोपी पद्धतीची बोथट पाती घेऊन लढत होती, आणि मंडल्यात त्यांच्याच वयाची मुले एका हातात सोटी, दुसऱ्या हातात छोटी ढाल घेऊन रिंगणात उतरत होती. त्या छोट्या ढालीला पंजाबात फरी म्हणतात. आपल्या तालमींतही तिला फरीच म्हणत आले, आणि तिच्या जोडीच्या चामडे चढवलेल्या काठीला गदगा.

या यादीकडे मराठी माणसाने जरा थांबून पाहावे असे मला वाटते. खो-खोचे नियम पुण्यात बसले. मल्लखांबाची परंपरा उत्तर पेशवाईतल्या बाळंभट देवधरांपर्यंत जाते. दोन्ही खेळ आपल्या आखाड्यांतून निघाले आणि देशभर पोहोचले. फरी-गदगाही त्याच आखाड्यांत, त्याच उस्तादांच्या हाताखाली शिकवला जात होता. तरी स्पर्धेच्या मैदानात तो आला तो पंजाबच्या नियमांनी आणि पंजाबच्या नावाने. यात पंजाबबद्दल तक्रार काहीच नाही. त्यांनी मेहनत केली, त्यांना फळ मिळाले. प्रश्न आपल्या वाटेचा आहे. ती वाट कुठे अडली हे समजून घ्यायचे तर जपानकडे पाहावे लागते, कारण अगदी तसाच प्रश्न त्यांच्यासमोर आला होता आणि त्यांनी बांबूच्या चार फाळ्या बांधून तो सोडवला. बांबूच्या तलवारीचा त्यांचा खेळ, केंडो, आज जगभर खेळला जातो.

प्रश्न मुळात साधा आहे. तलवार चालवायला शिकायचे तर समोर माणूस हवा, आणि समोरच्या माणसावर खरी तलवार चालवली तर शिकवणी एका दिवसात संपते. लाकडी तलवार हा उपाय वरवर सोपा दिसतो, पण तोही जीवघेणाच. जपानचा नामांकित योद्धा मियामोतो मुसाशी याने १६१२ साली गान्र्यू बेटावर सासाकी कोजिरोला ठार केले ते लाकडी तलवारीनेच. म्हणून लाकडी तलवारीने सराव करणारे वार अंगापासून चार बोटांवर थांबवत, किंवा ठरलेल्या क्रमाने वार-प्रतिवार घोकत. मन लावून घोकले तर हात तयार होतो. पण समोरचा खरोखर मारायला आला की काय होते, हे घोकून कळत नाही.

हा पेच जिथे जिथे तलवार होती तिथे तिथे होता. 'आईन-इ-अकबरी'त अबुल फजलने अकबराच्या पदरच्या शमशेरबाजांचे प्रकार दिले आहेत. त्यांत ढालवाले वेगळे, एकाच हाताने ढालीशिवाय लढणारे वेगळे, आणि काठीने लढणारे 'लकडैत' वेगळे. म्हणजे सोळाव्या शतकात काठीचा खेळ ही आपल्याकडे स्वतंत्र, दरबारात मानाची जागा असलेली विद्या होती. इंग्लंडात अ‍ॅश लाकडाच्या काठीला मुठीपाशी वेताची टोपली बसवून 'सिंगलस्टिक' खेळत. १९०४च्या ऑलिम्पिकमध्ये तोही खेळ होता. युरोपातल्या इतर देशांनी पोलादी पातेच लवचिक केले आणि टोकाला बोंड लावले. पाते बोथट करा, काठीला गादी चढवा किंवा बांबू चिरा, असे तीन मार्ग माणसांना सुचले. त्यांतले शेवटचे दोन आपल्या मागावर आहेत.

आधी बांबू चिरण्याचा मार्ग पाहू, आणि काळाची खूण म्हणून जबलपूरचीच एक घटना घेऊ. १५६४च्या जूनमध्ये अकबराचा सरदार आसफखान गढ्यावर चालून आला. गढा म्हणजे आजच्या जबलपूरच्या अंगावरचेच गाव. गढ्याची राणी दुर्गावती २४ जूनला लढता लढता पडली. त्याच दशकात जपानमध्ये कामिइझुमी नोबुत्सुना नावाचा तलवारीचा गुरू गावोगाव फिरत होता. त्याच्या परंपरेत सांगतात की त्याने बांबूची कांब टोकाकडून अनेक बारीक कामट्यांत चिरली आणि ती चामड्याच्या पिशवीत घातली. तिने डोक्यावर वार केला तर आवाज होतो, झणझणते, पण कवटी फुटत नाही. हीच बांबूच्या तलवारीची, म्हणजे शिनाईची, पहिली ओळखीची पिढी. त्याच्या शिष्यांतले यागियू घराणे पुढे तोकुगावा शोगुनांचे तलवार-गुरू झाले आणि ही पिशवीतली तलवार राजमान्य झाली.

गदगा या पिशवीतल्या तलवारीचा सख्खा भाऊ वाटावा इतका तिच्यासारखा आहे, आणि दोघांमध्ये देवघेव झाल्याचा मात्र काही पुरावा नाही. गरज एकच आणि माल हाताशी, म्हणून दोघे आपापल्या घरी जन्मले. गदगा म्हणजे वेताची किंवा बांबूची काठी, तलवारीच्या लांबीची. वरून चामडे घट्ट शिवलेले. चामडे शिवले की तीन गोष्टी साधतात. काठी फुटली तरी सळ्या समोरच्याच्या डोळ्यांत जात नाहीत, मार बसला तर कातडी सोलून निघत नाही, आणि वार फरीवर पडला की अंगावर, हे आवाजावरून कळते. फरी ही चामड्याची गोल ढाल, जेमतेम वीतभर. एवढीशी का, असे पाहणाऱ्याला वाटते. तिच्या लहानपणातच शिकवणीचे मर्म आहे. मोठ्या ढालीमागे माणूस लपू शकतो; फरीमागे फार तर मूठ लपते. प्रत्येक वाराला ती उचलून न्यावी लागते, वेळेवर न्यावी लागते, आणि नेता नेता पायही हलवावे लागतात. पैतरा चुकला की फरी पोहोचत नाही. हिंदुस्थानी लकडीत शीर, तमाचा, बाहेरा अशी वारांची नावे पिढ्यान्‌पिढ्या चालत आली: डोक्यावरचा, गालाच्या बाजूचा, बाहेरच्या अंगाचा. उस्ताद नाव उच्चारतो, एक जण वार करतो, दुसरा फरी देतो. हा झाला पाठ. पाठ पक्का झाला की सोडायचे, आणि मग जो तो आपल्या बुद्धीने.

काठी कोणत्या बांबूची, हा या कुळकथेतला अगदी कळीचा मुद्दा आहे, आणि त्यासाठी जबलपूरसारखी जागा नाही. शहरात जंगलाचा अभ्यास करणाऱ्या दोन संस्था आहेत: १९६३ची राज्य वन संशोधन संस्था आणि १९८८ची केंद्राची उष्णकटिबंधीय वन संशोधन संस्था. दोघींच्या अभ्यासात बांबूला मोठी जागा आहे, कारण जबलपूर, मंडला, बालाघाट या पट्ट्यात सातपुडा आणि मैकलच्या उतारांवर मानवेलाची बेटे दूरवर पसरलेली आहेत. शास्त्रीय नाव डेंड्रोकॅलॅमस स्ट्रिक्टस. हिंदीत याला लाठी बांस म्हणतात. याचे वैशिष्ट्य असे की कोरड्या, खडकाळ उतारावर वाढलेली कांब आतून जवळजवळ भरीव असते. ती आडवी कापली तर मध्ये बारीकसे भोक दिसते, कधी तेही नाही. अशी कांब विस्तवावर शेकून सरळ केली, तेल पाजून मुरवली की पिढीभर टिकते. मराठ्यांच्या भाल्याचा दांडा बांबूचाच असे. पुढे इंग्रजी घोडदळानेही १८६८च्या नमुन्यात भाल्यासाठी हिंदुस्थानचा भरीव बांबू घेतला.

भरीव बांबू वाकतो, पण चिरून त्याच्या रुंद फाळ्या निघत नाहीत. शिनाईला लागतो तो पोकळ, जाड भिंतीचा बांबू, जपानचा मादाके किंवा चीनकडून आलेला मोसो. त्याच्या भिंतीच्या चार फाळ्या काढतात, पेरे जुळवून तासतात आणि पुन्हा एकत्र बांधतात. त्यामुळे जी काठी तयार होते ती पूर्ण पोकळ. मार बसताना चारही फाळ्या एकमेकींवर आपटून बाहेर फुगतात आणि धक्क्याचा मोठा भाग स्वतःच पिऊन टाकतात. आपल्या जंगलात उगवला तो लाठीचा बांबू, त्यांच्या जंगलात उगवला तो फाळीचा. या एका फरकाने सगळे ठरले असे मी म्हणणार नाही, पण आपल्याकडे काठी ही सरावाची वस्तू न राहता स्वतःच एक शस्त्र का झाली, याचे अर्धे उत्तर मला या भरीव कांबीत दिसते. गदग्याचे चामडे काढले की उरते ती लाठी. शिनाईची दोरी सोडली की उरतात चार फाळ्या, आणि त्यांनी कोणाला इजा करता येत नाही.

शिनाईचे आजचे रूप अठराव्या शतकात सिद्ध झाले. आधी नागानुमा कुनिसातो या गुरूने १७११ ते १७१५च्या सुमारास जाळीचा शिरटोप आणि हातमोजे सुधारले. मग १७५०-६०च्या दशकांत नाकानिशी घराण्याने छातीचे कवच आणि शिनाई घेऊन पूर्ण ताकदीने लढण्याची रीत आपल्या इत्तो शाखेत आणली. जुन्या जाणत्यांनी नाके मुरडली: हा पोरखेळ आहे, मरणाची भीती नाही तिथे तलवार कसली! पण तरुण पोरे तिकडेच धावली, कारण इतक्या वर्षांत प्रथमच त्यांना थांबवून न धरता वार करता येत होता. एकोणिसाव्या शतकात चिबा शुसाकूच्या एदोतल्या, म्हणजे आजच्या तोक्योतल्या, आखाड्यात शिष्यांची रीघ लागली होती.

शिनाई हातात घेतली तर पहिल्यांदा तिच्यातला एकही खिळा न लागणारा बांधा लक्षात येतो. चार फाळ्यांच्या टोकाला चामड्याची टोपी, मुठीवर चामड्याची खोळ, आणि दोहोंना जोडणारी एक ताणलेली दोरी. ती दोरी ज्या बाजूला, ती तलवारीची पाठ. तिच्या समोरची बाजू धार. गोल काठीला धार कुठली, असा प्रश्नच उरत नाही: दोरीकडच्या बाजूने लागलेला वार वार धरत नाहीत. टोकापासून सुमारे चौथाईवर चामड्याची एक वादी गुंडाळलेली असते, आणि तिच्या पलीकडचा, टोकाकडचा भाग लागला तरच गुण. मुठीच्या आत फाळ्या सरकू नयेत म्हणून लोखंडाचा एक चौकोनी तुकडा खाचेत बसवतात. प्रौढ पुरुषाची शिनाई १२० सेंटिमीटरपर्यंत आणि निदान ५१० ग्रॅमची. एवढी साधी वस्तू, पण वापरणाऱ्याने रोज फाळ्या तपासायच्या, कुसळ निघाले असेल तर तासायचे, तेल लावायचे. शिरटोपाच्या जाळीतून एक कुसळ आत गेले तर डोळा जाऊ शकतो.

आता आपल्याकडची बाजू. १७८१ साली सागरच्या मराठ्यांनी गढा-मंडल्याचा शेवटचा गोंड राजा नरहरशाह याला पदच्युत केले. १७९८ला पेशव्यांनी हा सारा नर्मदा-खोऱ्याचा मुलूख नागपूरच्या रघूजी भोसल्यांना दिला, आणि १८१७च्या डिसेंबरात तो इंग्रजांकडे गेला. छत्तीस वर्षे जबलपुरावर मराठी अंमल होता. त्या फौजेच्या सरावातली एक वस्तू या मागावर येते: बोथाटी. भाल्याचे पाते काढून लांब बांबूच्या टोकाला गोळा बांधायचा आणि घोड्यावरून एकमेकांवर चालून जायचे. तलवारीसाठी गदगा, भाल्यासाठी बोथाटी, अशी ही जोडी. दोन्हींत खऱ्या शस्त्राचे वजन-लांबी ठेवून फक्त मरण काढून टाकलेले. मराठी घोडदळाचा भाला ज्यांनी पाहिला त्यांनी त्याची वाखाणणी केली. त्यामागे ही गोळा बांधलेली काठी होती हे सहसा कोणी लिहीत नाही.

यानंतर दोन्ही देशांत जवळजवळ एकाच वेळी तलवार गेली. जपानमध्ये २८ मार्च १८७६च्या हुकुमाने सैन्य आणि पोलीस सोडून इतरांना कमरेला तलवार लावायची बंदी झाली. आपल्याकडे १८७८चा शस्त्र कायदा आला आणि परवान्याशिवाय तलवार बाळगणे गुन्हा ठरला. त्याच १८७८ साली वनकायदाही आला. मध्य प्रांतातल्या माणसाला हे दोन कायदे एकाच हाताचे वाटले असतील: घरातले पाते सरकारजमा आणि जंगलातला बांबू सरकारच्या मोजणीत. टोपल्या-सुपल्या विणणारे बसोड, आपल्याकडचे बुरूड, यांच्या पोटावर तो वनकायदा कसा आला हा वेगळ्या लेखाचा विषय आहे. १९२७च्या कायद्यातही बांबू 'झाड'च राहिला. जंगलाबाहेरच्या बांबूची त्यातून सुटका झाली ती थेट २०१७ साली.

तलवार गेल्यावर जपानने काय केले ते बारकाईने पाहण्यासारखे आहे. सुरुवात करुण होती. १८७३ साली साकाकिबारा केनकिची या शोगुनाच्या जुन्या तलवारबाजाने पोटासाठी तोक्योत तिकीट लावून शिनाईचे सामने भरवले. कमावत्या सरदारांच्या मुलांनी तमाशासारखे खेळ करावेत, यावर लोक हळहळले. पण त्याने सामना जिवंत ठेवला. १८७७च्या सात्सुमा बंडात पोलिसांच्या तलवारधारी तुकडीने कामगिरी बजावली, आणि पोलीसप्रमुख कावाजी तोशियोशी याने १८७९ला तलवारबाजी पुन्हा सुरू करावी असा लेख लिहिला. तोक्योच्या पोलीस ठाण्यांत आखाडे निघाले, जुने उस्ताद पगारावर घेतले गेले. १८९५ला क्योतोत दाई निप्पोन बुतोकुकाई ही संस्था निघाली, १९११ला माध्यमिक शाळांत हा विषय घ्यायची मुभा मिळाली, १९१२ला वेगवेगळ्या शाखांना मान्य होतील असे सामाईक पाठ ठरले. आजही जपानच्या राष्ट्रीय स्पर्धेत पोलीस खात्यातले खेळाडू आघाडीवर असतात.

आपल्याकडे बांबू पोलिसांच्या हाती गेला तो असा नाही. गदग्याचे चामडे तिथे कधी चढलेच नाही. सातपुड्यातल्या त्याच मानवेलाची लाठी शिपायाच्या हातात आली आणि १९३०च्या दशकात 'लाठीमार' हा शब्द रोजच्या वर्तमानपत्राचा झाला. त्याच्या कितीतरी आधीपासून सरकारला काठी शिकवणारा प्रत्येक आखाडा संशयास्पद वाटत होता, आणि बंगालमध्ये तो संशय खराही होता: ढाक्याच्या अनुशीलन समितीचे पुलिनबिहारी दास लाठी आणि असिविद्या शिकवूनच क्रांतिकारक घडवत होते. जिथे उस्तादावर पाळत आहे तिथे तो पोलीस ठाण्यात पगारावर कसा बसणार? जपानमध्ये विद्येला सरकारचा आसरा मिळाला. आपल्याकडे तिला आसरा दिला तो संस्थानिकांनी आणि व्यायामशाळांनी.

त्या व्यायामशाळांचे ऋण फार मोठे आहे आणि ते मनापासून मानले पाहिजे. बडोद्याला जुम्मादादांच्या आखाड्यात राजरत्न माणिकरावांनी शेकडो मुले तयार केली. इंग्रजी हुकुमांच्या जागी देशी शब्दांनी संघ व्यायाम घेण्याची पद्धत त्यांनी बसवली. अमरावतीला वैद्य बंधूंनी १९१४ साली हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ काढले. त्या वेळी अमरावती, नागपूर, जबलपूर एकाच मध्यप्रांत-वऱ्हाडात होती. १९५६ला राज्ये वेगळी झाली आणि नागपूरचे उच्च न्यायालय जबलपूरला आले. त्याआधीही आणि नंतरही नोकरी-वकिलीच्या निमित्ताने मराठी घरे नर्मदेकाठी जात राहिली. आणि बडोद्यातच द. चिं. मुजुमदारांनी १९३६ ते १९४९ या काळात 'व्यायाम ज्ञानकोशा'चे दहा खंड काढले. त्यात फरी-गदगा, बोथाटी, बनेठी, दांडपट्टा, लाठी यांचे पैतरे-हात छायाचित्रांसह नोंदलेले आहेत. ते खंड नसते तर आज आपण या विद्येबद्दल अंदाजाने बोलत असतो.

तरी माझे म्हणणे असे आहे की याच पुनरुज्जीवनात फरी-गदग्यातला सामना हरवला. एका पटांगणात दोनशे मुलांना एकाच वेळी शिकवायचे तर वारांचे आकडे पडतात: एक, दोन, तीन, चार. दोनशे काठ्या एकदम वर जातात, एकदम खाली येतात, पाहणाऱ्याच्या अंगावर रोमांच उभे राहतात. पारतंत्र्यात त्या दृश्याची गरज होती. पण त्यात समोर मारायला आलेला माणूस नाही. १९३६च्या बर्लिन ऑलिम्पिकच्या वेळी अमरावतीच्या चमूने तिथे देशी खेळ दाखवले, तेही प्रात्यक्षिक म्हणूनच. प्रात्यक्षिक टाळ्या मिळवते, स्पर्धा नियम मिळवते. हुतूतू पुढे कबड्डी होऊन जगात गेला, कारण त्याचे नियम लिहिले गेले, त्यावर भांडणे झाली, ते बदलले गेले. पुण्याच्या डेक्कन जिमखान्यात १९१४च्या सुमारास खो-खोचे नियम बांधले गेले. फरी-गदग्याला असा गावोगाव मान्य होणारा एक नियमसंच मिळाला नाही.

त्याचे कारण उस्तादांचा हट्ट होता असे मला वाटत नाही. कारण शिरटोप होता, किंवा तो नव्हता. फरी-गदग्यात फरी हेच सगळे संरक्षण. चामडे चढवले तरी गदगा कानशिलावर पूर्ण जोराने बसला तर माणूस आडवा होतो. म्हणून खेळणारे हात राखून खेळत. हात राखला की लागला-न-लागला याचा निवाडा कठीण, आणि निवाडा कठीण असला की स्पर्धा भांडणात संपते किंवा शोभेत. जपानच्या नागानुमाने जाळीचा टोप सुधारला तेव्हा त्याने खरे तर पंचाचे काम सोपे केले. केंडोच्या सामन्यात तीन पंच असतात, दोघांचे झेंडे वर गेले की गुण. ते फक्त लागले का हे पाहत नाहीत: आवाज, पाय, शरीर आणि शिनाई एकदम आली का, आणि मारल्यानंतर खेळाडू सावध राहिला का, हेही पाहतात. इतके बारीक पाहायला वेळ मिळतो, कारण कोणाचे डोके फुटेल ही धास्ती नसते.

केंडोचा मार्ग निष्कलंक नाही, हेही सांगितले पाहिजे. १९३०च्या दशकात शाळेतला केंडो युद्धज्वराच्या कामी लागला. १९४५नंतर दोस्तांच्या अंमलाने शाळांतून त्यावर बंदी घातली. मग १९५०ला 'शिनाई क्योगी' नावाने एक हलका प्रकार निघाला: चिरलेला बांबू पुन्हा पिशवीत, वजन कमी, आरडाओरड बंद. म्हणजे जीव वाचवायला ही विद्या चारशे वर्षे मागे जाऊन कामिइझुमीच्या पिशवीतल्या तलवारीपाशी पोहोचली. १९५२ला अखिल जपान संघ निघाला आणि १९७०ला पहिली जागतिक स्पर्धा झाली. ज्यांच्याकडे सामना आहे त्यांना असे मागे जाऊन पुन्हा पुढे येता येते.

पंजाबनेही गतक्यात एकट्या सोटीचा आणि फरी-सोटीचा असे सामने बसवले आणि २०२३ला गोव्याच्या राष्ट्रीय क्रीडा स्पर्धांपर्यंत नेले. आपल्याकडे या काळात मान मिळाला तो पोलादाला. १९ फेब्रुवारी २०२४ला दांडपट्टा महाराष्ट्राचे राज्यशस्त्र झाला. २०२५च्या एप्रिलमध्ये लंडनच्या लिलावात पहिल्या रघूजी भोसल्यांची तलवार राज्य सरकारने सुमारे ४७ लाख रुपयांना घेतली आणि ऑगस्टमध्ये ती मुंबईला आली. ज्यांच्या नातवाला पुढे जबलपूर मिळाले त्यांची ही तलवार. तिचे स्वागत झाले ते योग्यच झाले. पण अशी तलवार पेलणारा हात आधी गदग्यावर मार खाऊन तयार होत असे, आणि गदग्यासाठी कोणी लिलावात बोली लावणार नाही, कारण झिजला की तो फेकूनच देत.

म्हणून तो नव्यानेच करावा लागेल, आणि त्याला लागणारे सगळे आज हाताशी आहे. जाळीचे टोप तलवारबाजी शिकवणाऱ्या प्रत्येक केंद्रात टांगलेले असतात, जबलपुरातही. चामडे शिवणारे हात आहेत. पैतरे-हात मुजुमदारांच्या कोशात आहेत, आणि कोल्हापूरच्या पेठांतल्या मर्दानी खेळाच्या पोरांच्या अंगात आहेत. सुरुवातीला शीर, तमाचा, बाहेरा हे तीनच वार मोजावेत. फरीवर पडलेला वार धरू नये. पैतरा मोडून मारलेलाही धरू नये. पंच तीन असावेत आणि त्यांतला एक तरी जुन्या तालमीतला असावा, ज्याला चामड्याच्या आवाजावरून वार कुठे पडला ते ओळखता येते. गदग्याची लांबी किती, यावर पहिल्याच बैठकीत वाद होईल. तो वाद अमरावतीला, बडोद्याला किंवा जबलपूरला, कुठेही सुरू व्हावा. शंभर वर्षांपूर्वीच व्हायला हवा होता.